ग्रहणातली वांगी

आमच्या घरात वांगं शिजत नसे. आकुर्डीच्या गावठाणात, जिथं दोन दिवसांआड वांगं झालं नाही तर माणसांना जेवल्यासारखं वाटत नाही, तिथं आमचं एकच घर बिनवांग्याचं. चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याला भरीत लागतं. आई भाकरी, कांद्याची पात आणि गुळाचा खडा ठेवून हात जोडायची आणि देवाला तेवढ्यावर भागवावं लागायचं.

कारण अख्ख्या भावकीला माहीत होतं. माझा धाकटा भाऊ आईच्या पोटात होता, पाचवा महिना, आणि भरदुपारी सूर्यग्रहण लागलं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं म्हणे. लोक दारं-खिडक्या लावून बसलेले. पण वडिलांची सेकंड शिफ्ट होती आणि कंपनीच्या भोंग्याला ग्रहणाचं काही सोयरसुतक नव्हतं. डबा द्यायचा होता. घरात दुसरं काही नव्हतं म्हणून आईने विळीवर बसून दोन काटेरी वांगी चिरली, परतली, डब्यात भरली. पोटुशी बाईने ग्रहणात काही चिरू नये हे तिला ठाऊक होतं. तरी चिरली, कारण नवरा उपाशी गेला असता. वडील डबा घेऊन सायकलवरून कामाला गेले.

भाऊ जन्मला तेव्हा गुटगुटीत होता. तीन वर्षांचा होईतो त्याच्या पोटऱ्या अशा भरल्या की तालमीतली माणसं दाबून बघायची, पैलवान होणार म्हणायची. आईला कोण आनंद. पाचव्या वर्षी तो पडायला लागला. सपाट जमिनीवर चालता चालता पडायचा, आणि उठताना आधी गुडघ्यावर हात, मग मांडीवर हात, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. आम्हाला वाटायचं, नाटकं करतोय. मी त्याला हसलेही आहे, खोटं कशाला बोलू.

बरेच डॉक्टर झाले. शेवटी पुण्याच्या एका मोठ्या दवाखान्यात डॉक्टरांनी वडिलांना एकट्यांना आत बोलावलं. वडील बाहेर आले, हातातल्या कागदाची घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "स्नायूंचा आजार आहे. औषध नाही." एवढंच. आठवड्याभराने आत्या आली. वडिलांची थोरली बहीण, तोंडाने फटकळ. ओसरीवर चार बायकांदेखत ती आईला म्हणाली, "गिराणात इळीवर बसली व्हतीस ना? मंग आता कुनाच्या नावानं रडतीस? वांगी चिरलीस आन् त्याचं पाय गेलं."

त्या दिवसापासून आईने वांगं सोडलं आणि घरातूनही हद्दपार केलं. पुढचं प्रत्येक ग्रहण, सूर्याचं असो की चंद्राचं, तिने पाण्याचा घोट न घेता आतल्या खोलीत बसून काढलं. कुणीतरी सांगितलं म्हणून नऊ वर्षांच्या पोराला पाठुंगळी घेऊन ती बसने आळंदीला जायची, इंद्रायणीत त्याचे पाय बुडवून आणायची. अकराव्या वर्षी तो चाकाच्या खुर्चीत बसला. एकोणिसाव्या वर्षी श्वास पुरेना, आणि गेला.

त्याला वांगं खायचं होतं. यात विशेष काही नाही, घरात जे बंद असतं तेच पोरांना हवं असतं. शेजारी भरताचं वांगं भाजायला ठेवलं की वास थेट त्याच्या खुर्चीपर्यंत यायचा. "आई, एकदा दे की. एकदाच." एरवी त्याने मागितलेली कुठली गोष्ट आईने दिली नाही असं झालं नाही. मे महिन्यात बोरं मागितली तरी ती बाजार पालथा घालून यायची. पण वांगं नाही. "त्यानंच घात केला तुझा," म्हणायची आणि तोंड फिरवायची.

एका चंपाषष्ठीला मी शेजारी भरीत-भाकरी चापून घरी आले. हात धुतले होते, तरी त्याने माझा हात ओढून घेतला, नाकाशी धरला आणि डोळे मिटले.

"कसं लागतं?"

"तिखट असतं."

"तिखट म्हणजे, मिरचीसारखं?"

"नाही रे. मऊ असतं. धुराचा वास येतो त्याला."

बराच वेळ त्याने हात सोडला नाही. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता. मला एक घास रुमालात बांधून आणता आला असता. आईची भीती वाटली, म्हणून नाही आणला. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

मग पुष्कळ वर्षांनी मला एक पुस्तक मिळालं, निगडीला, वजनावर पुस्तकं विकणाऱ्या प्रदर्शनात. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीला आहे. निगडीहून कंपनीची बस, आणि तळवड्याच्या चौकात ती बस रोज अशी अडकते की बसल्या जागी ग्रंथच्या ग्रंथ वाचून व्हावेत. बाकीचे मोबाइल बघतात नाहीतर घोरतात. मी पुस्तक काढलं की शेजारच्या सीटवरचा म्हणायचा, "काय मॅडम, परीक्षा आहे काय?" उत्क्रांतीवरचं जाड इंग्रजी पुस्तक. माझं इंग्रजी डिप्लोमापुरतं. पहिली चाळीस पानं रडतखडत काढली. मग एकदम उमगलं, आणि ते उमगलं आमच्या कंपनीमुळे.

पुस्तकाचं म्हणणं असं की उत्क्रांती प्राण्याच्या बाजूने बघू नका, जीनच्या बाजूने बघा. वाघ मरतो, माणूस मरतो. जीन मात्र एका देहातून दुसऱ्या देहात नक्कल होत होत हजारो पिढ्या चालत राहतो. देह ही त्याने चार दिवस वापरलेली वस्तू. आमच्याकडे दुसरं काय चालतं? जॉब, म्हणजे सुटा भाग, बनतो, गाडीत बसतो, झिजतो, भंगारात जातो. ड्रॉइंग राहतं. आणि जीनला काही हवं असतं असं नाही बरं का. त्याला मन नाही, डोकं नाही. ज्याच्या नकला जास्त झाल्या तो उरला, एवढाच मामला. आई पिल्लाला जपते ती ज्या जीनमुळे, तो उरतो, कारण पिल्लातही त्याचीच नक्कल असण्याची निम्मी शक्यता असते. इथपर्यंत मी मान डोलवत वाचत होते.

मग पान उलटलं आणि मला आमचं घर आठवलं. या गणिताने माझ्या भावाला जपण्यात कुठल्याच जीनचा काडीचा फायदा नव्हता. तो चालणार नव्हता, त्याचं लग्न होणार नव्हतं, त्याच्यापासून पुढे काही जाणार नव्हतं. आणि आईने त्याला उचललं, धुतलं, कुशीवर वळवलं, मरेपर्यंत. पुस्तकाकडे यावरही उत्तर होतं. माया ही ढोबळ गोष्ट आहे. बहुतेक वेळा ती कामी येते म्हणून ती अंगात टिकली. समोरच्या एका लेकराचं पुढे काय होणार, हे ती विचारत बसत नाही. लागली की लागली. मी तळवड्याच्या चौकात, त्या हॉर्नच्या कालव्यात, ओढणीने डोळे पुसत बसले. त्या दिवशी शेजारच्याने परीक्षेचं विचारलं नाही.

आमच्या कामात एक पद्धत आहे, तिला सगळे 'व्हाय-व्हाय' म्हणतात. जॉब रिजेक्ट झाला की विचारायचं, का? उत्तर आलं की पुन्हा, ते का? असं पाच वेळा विचारत मुळाशी जायचं. आणि एक पक्का नियम: 'ऑपरेटरची चूक' असं लिहून कागद बंद करायचा नाही. मशीनवरच्या माणसाच्या माथी मारून मोकळं होणं हा आळशीपणा. त्या नियमावर बोट ठेवून मी साहेबांशी भांडले आहे, किती पोरांना वाचवलं आहे. मुळात मी भांडकुदळच. तेव्हा आईच्या दोन वांग्यांचा व्हाय-व्हाय करायचं माझ्या डोक्यात आलं, यात नवल काही नाही.

वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि आई तेव्हापासून माझ्याकडेच राहायची. त्यांच्या ट्रंकेत दवाखान्याचा तो घडी केलेला कागद सापडला. त्यावर आजाराचं नाव होतं, आणि खाली डॉक्टरांच्या अक्षरात एक ओळ, की हा आजार आईकडून मुलाकडे येतो. म्हणजे वडिलांना माहीत होतं. मला त्यांचा असा राग आला. हे ठाऊक असताना त्यांनी आईला जन्मभर वांग्यांचा दोष खाऊ दिला. स्वतःही गुपचूप वांग्याशिवाय जेवत राहिले. मला वाटायचं, बायकोच्या धाकाने.

नाव मोबाइलवर टाकलं आणि बसमध्ये बसून साखळी लावली. पाय का गेले? स्नायू झिजले. का झिजले? स्नायूंना धरून ठेवणारं एक प्रथिन अंगात बनत नव्हतं. का? ते कसं बनवायचं हे ज्या जीनमध्ये लिहिलेलं असतं, तो बिघडलेला. मग बिघाड आईला का नडला नाही? बायकांकडे त्या जीनच्या दोन प्रती असतात, एक बिघडली तरी दुसरी सांभाळून घेते. मुलाला एकच मिळते, आणि ती आईकडूनच. झालं. मूळ सापडलं. ड्रॉइंगच चुकीचं होतं, ऑपरेटरचा काही दोष नाही. खाली आणखी बरंच लिहिलं होतं, ते मी वाचलं नाही. हवं ते उत्तर मिळालं की मी थांबते. क्वालिटीच्या माणसाला ही खोड शोभत नाही.

रविवारी सकाळी आई मेथी निवडत बसली होती. माझी मुलगी, कॉलेजात जाणारी, आत केस वाळवत होती. मी आईसमोर फतकल मारून बसले आणि सांगितलं, "आई, ती वांगी नव्हती." मग सगळं समजावलं. जीन, नक्कल, दोन प्रती, एक प्रत. मी काय खुशीत होते म्हणून सांगू. चाळीस वर्षांची बेडी तोडायला निघाले होते. आई निवडत होती आणि ऐकत होती.

"मंजी ते माझ्यातनं गेलं त्याच्यात," ती म्हणाली.

"तुझ्यातून गेलं, पण तू काही केलं नाहीस. ड्रॉइंगच चुकलेलं आलं तर कामगार काय करणार?"

"बापाकडनं न्हाई?"

"नाही. मुलाला ते आईकडूनच..."

"मंजी माझ्यातनंच."

तिने मेथीची काडी बाजूला टाकली. मग आतल्या खोलीकडे बघून म्हणाली, "आसं आसंल तर तुझ्यातबी आसंल. आन् हिच्यात."

सातवी शिकलेली बाई. मला तिथं पोचायला तीन आठवडे लागले होते, आणि पोचल्यावर मी ते मनात मागे ढकललं होतं.

माझी मुलगी आजीसारखी दिसते. तेच नाक, तीच मान वाकडी करून बघायची लकब. कुणी आलं की आई कौतुकाने सांगायची, "माझ्यावर गेलीया." त्या रविवारनंतर तिने ते बंद केलं. पुढच्याच आठवड्यात शेजारीण म्हणाली, "अगदी आजीच की ही." आई झटकन म्हणाली, "न्हाई, न्हाई. बापावर गेलीया ती." मुलगी हसली, तिला गंमत वाटली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडून उभी राहिले.

मग मी पुण्याला जाऊन तपासणी करून घेतली. रिपोर्ट चांगला आला. माझ्यात तो बिघाड नाही, म्हणजे माझ्याकडून मुलीत जाण्याचा प्रश्न नाही. तिथल्या डॉक्टर बाईंनी मला ते सांगितलं जे मी मोबाइलवर वाचायचं सोडलं होतं. काही वेळा हा बिघाड आईतही नसतो. नक्कल होतानाच त्या एका बाळापुरती नवी चूक होते, कुणाकडूनही आलेली नसते. पुस्तकातही हे होतंच, की नकलेत चुका होतात, त्या कुणी करत नाही, त्या होतात. मी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारलेली होती. आईची तपासणी केली तर कदाचित कळेल, असं बाई म्हणाल्या.

धावत घरी आले. "आई, माझ्यात नाही. पोरीतही नाही. आणि तुझ्यातही नसेल, तपासून घेऊ."

तिने आधी देवाला हात जोडले. नातीच्या तोंडावरून हात फिरवला. मग म्हणाली, "मला न्हाई तपासायचं."

"अगं, पण नसेलच..."

"आन् आसंल तर? तुला दिलं न्हाई, हिला दिलं न्हाई. शोधून शोधून त्याच्याच वाट्याला घातलं, हे मला कागदावर बघायचं न्हाई. तू आधी म्हनलीस माझ्यातनं, आता म्हनतीस न्हाई. तुझं पुस्तक तुझ्यापाशी ऱ्हाऊ दे."

मी पुष्कळ विनवण्या केल्या. एकदा तर चक्क भांडले. ती ऐकायला तयार नव्हती. तेव्हा कुठे मला वडील कळले. त्यांच्याकडे तो कागद होता, आणि तरी ते बायकोसोबत वांगं सोडून गप्प बसले.

पुढच्या दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी ग्रहण आलं. सूर्याचं, संध्याकाळी लागणारं. बाहेर बायकांची घाई चाललेली, फराळाच्या डब्यांवर तुळशीची पानं ठेवायची, वेळेच्या आत जेवून घ्यायचं. आई सकाळी मला म्हणाली होती, "मंडईतनं वांगी आन. काटेरी, बारकी." मी चमकले, पण वाटलं, कुणाला द्यायची असतील.

पाचच्या सुमारास मी गच्चीवर मुलीला ग्रहण दाखवलं आणि तिला मैत्रिणींसोबत वरच सोडून खाली आले. आई विळीवर बसली होती. समोर परात, परातीत पाणी, आणि ती वांगी चिरत होती. एकेक वांगं घेऊन, देठ राखून, चार चिरा. मी, पुस्तकं वाचणारी, व्हाय-व्हाय करणारी, म्हणाले, "आई, ठेव ती विळी. ग्रहण सुटू दे."

"का? आता काय व्हनार हाय?" ती वर न बघता म्हणाली. "तूच म्हनलीस ना, वांग्यानं काय व्हत न्हाई."

मी तिच्यासमोर बसले. ती चिरत राहिली.

"मला रोज वाटायचं," ती म्हणाली, "ती येक दुपार माघारी मिळावी. वांगी टोपल्यात ठिवायची आन् गप बसायचं. ह्यास्नी उपाशी धाडायचं. येवढंच व्हतं, आन् माझं लेकरू चाललं आसतं. आंघुळ घालताना, भाकरी थापताना, मी ती दुपार येगळी करून बघायची. चाळीस वर्सं. आता तू म्हनतीस, तवा बी त्याचं पाय जानारच व्हतं. मंग मी आता कुठली दुपार मागू?"

मला स्वतःची लाज वाटली. मी तिच्या माथ्यावरचा दोष काढायला गेले होते. त्या दोषातच तिची एकुलती एक आशा होती, पोराला वाचवता आलं असतं ही, आणि मी तीच काढून घेतली. खरं तेच सांगितलं होतं मी. पण विचारलं कुणी होतं?

तिने वांग्यांत मसाला भरला, कढईत सोडली, झाकण ठेवलं. चाळीस वर्षांनंतरही हात चुकला नाही. घरभर तो वास झाला. खिडकीतून समोरच्या इमारतींच्या वर सूर्य दिसत होता, एका बाजूने खाल्लेला, आणि तसाच तो मावळून गेला. ग्रहण सुटलं की नाही याची चौकशी आईने केली नाही. तिने दोन ताटं वाढली, एक माझ्यापुढे सरकवलं आणि भाकरीचा तुकडा मोडून वांग्याला लावला. घास तोंडात घोळवत राहिली, आणि मग गिळला.

"काय न्हाई की यात," ती म्हणाली. "येवढंच आसतंय व्हय."

मी खात होते.

"त्यानं मागितलं व्हतं गं. किती येळा मागितलं. वांग्यानं काय व्हतच नव्हतं, तर मी त्याला येक घास का न्हाई दिला?"

ती माझ्याकडे बघत राहिली, मी ताटाकडे. मी हात धुवायला उठले नाही. बोटांना वांग्याचा वास येत होता.